लाइनींचा हिशेब

डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या लाइनीवरून फोन लावून मिळणाऱ्या, इंटरनेट सेवेचा छोटा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्याला नव्वदच्या दशकात सर्वांत आधी यंत्रे दिसत. संगणकाची माहिती आवाजात बदलून टेलिफोनवरून पाठवणारे मोडेम किती घ्यायचे, राउटर कोणता असावा, सर्व्हरमध्ये मेमरी किती लागेल यांवर तासन्‌तास चर्चा चाले, आणि ते स्वाभाविकही होते. यंत्र डोळ्यांना दिसते, त्याची किंमत एका कागदावर लिहून मिळते आणि ती चुकती केली की यंत्र आपले होते. टेलिफोनच्या लाइनीचे तसे नाही. ती कधीच आपली होत नाही. तिच्यासाठी अनामत भरावी लागते, जोडणीचा खर्च द्यावा लागतो आणि त्यानंतर ग्राहक येवोत वा न येवोत, दर महिन्याला तिचे भाडे मोजावे लागते. मी ज्या छोट्या सेवेच्या उभारणीत होतो तिची खतावणी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. यंत्रांच्या नोंदी तीत सुरुवातीच्या काही पानांवर आटोपल्या आणि पुढची सारी वही लाइनींनी भरली, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात राहिली आहे.

डायल-अपच्या आठवणी निघाल्या की लोक मोडेमच्या त्या कर्कश आवाजाविषयी बोलतात. तो आवाज ऐकू यावा म्हणून तारेच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी एक लाइन मोकळी राखलेली होती आणि ती मोकळी राखण्याचे पैसे भरले होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मला त्या पलीकडच्या टोकाविषयी लिहायचे आहे.

आधी यंत्रे घेऊ, कारण त्यांचे गणित तुलनेने सरळ होते. कमीत कमी सामग्री म्हणजे एक संगणक, त्याला जोडलेले काही मोडेम आणि बाहेरच्या इंटरनेटकडे नेणारी एक कायमची जोडणी. संगणकावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी ही कार्यप्रणाली चालवता येई. नावांचे पत्ते शोधून देणारा बाइंड, ई-टपाल वाहणारा सेंडमेल, १९९५ पासून वेबची पाने पुरवणारा अपाची हे सगळे विनामूल्य मिळत असे, आणि छोट्या माणसाला या धंद्यात पाऊल टाकता आले यामागे हे एक फार मोठे कारण होते असे मी मानतो. तेवढेच सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागले असते तर अनेक सेवा कागदावरच राहिल्या असत्या.

अडचण सुरू होई संगणकाच्या मागच्या बाजूला. साध्या पीसीला मोडेम जोडण्याचे फार तर चार सिरियल पोर्ट देता येत, आणि त्यांतही पहिला व तिसरा, दुसरा व चौथा हे एकेका इंटरप्टचे, म्हणजे प्रोसेसरला हाक मारणाऱ्या संकेताचे, वाटेकरी असत. मोडेम सेकंदाला २८.८ किलोबिटचा असला तरी आकुंचित होऊन आलेली माहिती तो उलगडून संगणकाच्या हाती देतो, म्हणून पोर्टचा वेग सेकंदाला ११५,२०० बिटांवर ठेवावा लागे. त्या वेगाने सेकंदाला ११,५२० अक्षरे आत येऊ शकतात. पोर्ट सांभाळणाऱ्या जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपमध्ये एकाच अक्षराला जागा होती, त्यामुळे प्रत्येक अक्षरासाठी प्रोसेसरला हातातले काम टाकून धावावे लागे आणि थोडा उशीर झाला की मागून आलेले अक्षर आधीच्याला पुसून टाकी. १६५५०ए या चिपमध्ये १६ अक्षरांची रांग असे, आणि तेवढ्याने प्रोसेसरला होणारा व्यत्यय सेकंदाला आठशेच्या आसपास खाली येई. चिपमधला इतका बारीक फरक आहे, पण सेवा चालणार की रखडणार हे त्यावर ठरत होते. किमतीतला फरक नगण्य होता, आणि तरीही स्वस्त कार्ड घेऊन महिनोन्‌महिने ‘जोडणी मध्येच तुटते’ ही तक्रार ऐकणारे लोक मी पाहिले आहेत.

मोडेमांची संख्या वाढली की आठ किंवा सोळा पोर्टांचे, स्वतःचा प्रोसेसर असलेले कार्ड घ्यावे लागे, आणि त्यानंतर टर्मिनल सर्व्हर, म्हणजे अनेक मोडेम एकत्र जाळ्याला जोडणारी पेटी. सिस्कोच्या २५११ मध्ये १६ मोडेम जोडता येत आणि राउटरचे कामही त्यातच होई. लिव्हिंगस्टनच्या पोर्टमास्टर २ई मध्ये ३० पोर्ट मिळत. ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड तपासणारी, तो कधी आला व कधी गेला याची नोंद ठेवणारी रेडियस ही पद्धत याच लिव्हिंगस्टनने घडवली आणि १९९७ च्या जानेवारीत ती आरएफसी २०५८ या इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. या नोंदींचे महत्त्व केवळ बिलापुरते नव्हते. लाइनी किती घ्यायच्या या प्रश्नाचे खरे उत्तर त्याच नोंदींत दडलेले असे, पण त्याकडे पुढे येतो.

मोडेमांच्या बाबतीत पहिला मोह स्वस्ताईचा असे. घरी दिवसातून तासभर वापरण्यासाठी बनवलेला मोडेम आणि चोवीस तास एकामागून एक फोन उचलणारा मोडेम हे दिसायला सारखे असले तरी त्यांच्यावर पडणारा ताण सारखा नसतो. वीस-तीस मोडेम एकावर एक रचले की ते तापतात, आणि तापलेला मोडेम बंद पडत नाही, तर अडतो. दिवा लागलेला असतो, फोन वाजतो, पण आतला प्रोसेसर भानावर नसतो. शिवाय प्रत्येकाचा स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर. तीस मोडेम म्हणजे तीस अ‍ॅडॅप्टर, त्यांना पुरतील इतके विजेचे बोर्ड, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि वीज गेली तर हे सगळे काही वेळ तरी चालू ठेवील अशी बॅटरी. किमतींच्या यादीत यातले काहीच नसे, आणि शेवटी जमाखर्च मांडताना ही किरकोळ खरेदी मुळीच किरकोळ नव्हती असे दिसून येई. टेलिफोनच्या तारेतून येणाऱ्या विजेच्या लाटेपासून संरक्षण करणारी साधने हाही असाच खर्च. आकाशात वीज कडाडली की एका रात्रीत अर्धे मोडेम निकामी होऊ शकत, आणि ज्याने संरक्षणावर पैसे वाचवले त्याला मोडेम पुन्हा विकत घ्यावे लागत.

तरीही हे सारे एकदाचे खर्च होते. उसनवारी करून, हप्ते बांधून, जुने यंत्र दुरुस्त करून ते भागवता येत. लाइनींच्या बाबतीत अशी कसलीच सवलत नसे.

लाइनी दोन प्रकारच्या. एक, ग्राहकांचे फोन जिथे येतात त्या साध्या टेलिफोन लाइनी. दोन, आपल्याकडून वरच्या मोठ्या पुरवठादाराकडे जाणारी कायमची लीज्ड लाइन. पहिल्या प्रकारातला पहिला प्रश्न पैशांचाही नसे, तांब्याचा असे. प्रत्येक लाइनीला तांब्याच्या तारांची एक जोडी लागते, आणि ज्या इमारतीत आजवर चार-पाच फोन होते तिथे अचानक तीस मागितले तर तितक्या जोड्या तिथपर्यंत पोचलेल्याच नसतात. मग टेलिफोन कंपनीने नवी केबल टाकेपर्यंत थांबणे आले. त्या काळात मोडेम खरेदी करून बसलेला माणूस भाड्याच्या जागेत लाइनींची वाट पाहत राही आणि यंत्रांचा घसारा मात्र पहिल्या दिवसापासून चालू असे. म्हणून जागा निवडताना रस्ता, दर्शनी भाग, भाडे यांच्याआधी तिथे मोकळ्या जोड्या किती आहेत आणि एक्स्चेंज किती जवळ आहे हे विचारणारा माणूस मला या धंद्यातला जाणता वाटे. अंतर वाढले की आवाज क्षीण होतो. लांबच्या तारांवर बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून बसवलेल्या लोडिंग कॉइल बोलण्याला उपकारक ठरतात, पण माणसाच्या आवाजाच्या पट्ट्याहून वरचे सारे त्या कापून टाकतात. कानाला निर्दोष वाटणारी लाइन मोडेमला सदोष असू शकते, आणि टेलिफोन कंपनी तिची तपासणी कानानेच करी.

या लाइनींवरून कोणी बाहेर फोन करत नसे, त्यामुळे संभाषणाचे पैसे आपल्याला पडत नसत. पडे ते केवळ भाडे, आणि तेही बहुतेक ठिकाणी घरगुती दराने नव्हे तर व्यवसायाच्या दराने. संभाषणाचा भार ग्राहकावर. उत्तर अमेरिकेत स्थानिक फोन महिन्याच्या ठरावीक रकमेत बसत असल्यामुळे माणूस रात्रभर जोडलेला राहिला तरी त्याला जास्त पडत नसे, तर युरोपात बहुतेक ठिकाणी मिनिटा-मिनिटाला आकार चढत असे. एकाच यंत्रसामग्रीचा धंदा या एका फरकामुळे दोन वेगळे धंदे होई. जिथे मिनिटे मोजली जात तिथे ग्राहक पटकन काम उरकून फोन ठेवी आणि थोड्या लाइनी पुरत, पण दर उतरण्याची वेळ झाली की सगळे एकदम येत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या फ्रीसर्व्हने तर वर्गणी घेणेच सोडले आणि फोनच्या आकारातल्या वाट्यावर सेवा चालवली. वर्गणीवर जगणाऱ्या छोट्या पुरवठादाराला याला उत्तर नव्हते, कारण फोनच्या पैशांत त्याचा वाटा मुळातच नव्हता.

तीस लाइनींचे तीस नंबर ग्राहकाला देता येत नाहीत, त्याला एकच नंबर हवा. म्हणून एक्स्चेंजमध्ये हंटिंग करून घ्यावे लागे. पहिली लाइन व्यस्त असेल तर फोन दुसरीवर जातो, दुसरी व्यस्त असेल तर तिसरीवर. या सोयीचेही भाडे वेगळे. हंटिंगमध्ये एक गोम असे, आणि तिने मला या व्यवसायाचे स्वरूप जितके समजावले तितके दुसऱ्या कशानेही समजावले नाही. एक्स्चेंजच्या दृष्टीने लाइन मोकळी असते किंवा व्यस्त असते, त्यापुढचे त्याला काही कळत नाही. आता रांगेतला पहिलाच मोडेम वर सांगितल्याप्रमाणे अडला, तर त्याची लाइन एक्स्चेंजला मोकळी दिसते आणि प्रत्येक नवा फोन तिच्यावरच जातो. फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही. मागे एकोणतीस मोडेम उत्तम स्थितीत रिकामे बसलेले असतात आणि बाहेर एकाही ग्राहकाला जोडणी मिळत नाही. एका स्वस्त मोडेममुळे तीस लाइनींचे भाडे वाया जाते. त्यामुळे मी असे मानू लागलो की मोडेमची खरी किंमत दुकानदार सांगतो ती नसते. तो ज्या लाइनीवर बसतो तिचे वर्षभराचे भाडे त्याच्या किमतीत धरले, की चांगला मोडेम महाग वाटत नाही.

आता मुख्य प्रश्न. लाइनी किती हव्यात?

या प्रश्नाचे गणित इंटरनेटच्या किती तरी आधी सोडवले गेले होते. आग्नर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत असे, आणि १९१७ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले सूत्र आजही वापरात आहे. त्याच्या नावाने मोजले जाणारे एकक समजायला सोपे आहे. तासाभरात ३० माणसे प्रत्येकी २० मिनिटे लाइन वापरणार असतील तर एकूण वापर १० तासांचा, म्हणजे भार १० एर्लांग. सरासरी पाहिली तर १० लाइनी पुरायला हव्यात. पण माणसे ठरवून एकामागून एक येत नाहीत, त्यामुळे शंभरातल्या एकाहून जास्त फोनांना एंगेज टोन मिळू नये असे वाटत असेल तर या १० एर्लांगसाठी १८ लाइनी लागतात. ज्या आठ लाइनी वरकरणी रिकाम्या दिसतात त्यांचेही भाडे भरावे लागते, आणि ग्राहकाला ‘लागतो हो फोन’ असे जे वाटते ते त्या आठांमुळेच.

या सूत्रातला छोट्या पुरवठादाराला जाचणारा भाग याहून खोल आहे. शंभरात एक हाच निकष ठेवला तर ५ लाइनी केवळ १.३६ एर्लांग भार उचलतात, १० लाइनी ४.४६, ३० लाइनी २०.३ आणि १०० लाइनी ८४.१. म्हणजे पाच लाइनी घेणाऱ्याची प्रत्येक लाइन ऐन गर्दीच्या तासातही जेमतेम पावपट कामाला येते, आणि शंभर लाइनी घेणाऱ्याची आठ-दशांशाहून जास्त. भाडे दोघांना सारखेच. त्या काळी सगळीकडे सांगितला जाणारा ठोकताळा होता की एका लाइनीमागे दहा ग्राहक ठेवावेत. तीस लाइनी आणि ३०० ग्राहक असतील आणि गर्दीच्या वेळी त्यांतले सरासरी वीस जण जोडलेले असतील तर हा ठोकताळा नीट चालतो. तशाच सवयीचे १०० ग्राहक दहा लाइनींवर आणून ठेवा, प्रमाण तेच राहील, पण आता शंभरातल्या सात फोनांना एंगेज टोन मिळेल. ठोकताळा सांगणाऱ्यांच्या मनात ही गोष्ट नसे. नवख्या माणसाने तो प्रामाणिकपणे पाळला तरी त्याची सेवा मोठ्या पुरवठादाराहून वाईट ठरे, आणि ग्राहक समजे की हा लोभी आहे, लाइनी कमी ठेवतो. हा अन्याय मला तेव्हाही बोचत असे आणि आजही बोचतो.

शिवाय एर्लांगच्या सूत्रात एक गृहीत आहे: ज्याला एंगेज टोन मिळाला तो निघून जातो. डायल-अपचा ग्राहक निघून जात नाही. त्याचा संगणक स्वतःच पुन्हा फोन लावतो, आणि पुन्हा, आणि पुन्हा. लाइन मिळाल्यावरही दोन मोडेमांची ओळख पटायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास जाते आणि तेवढा वेळ लाइन अडकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मोठ्या प्रयासाने लाइन मिळालेला माणूस ती सोडत नाही. जेवायला उठला तरी जोडणी तशीच ठेवतो, कारण तोडली तर परत मिळेल याची शाश्वती नाही. त्यामुळे प्रत्येक जोडणी लांबते, लाइनी आणखी कमी पडतात, आणि कमी पडतात म्हणून माणसे आणखी घट्ट धरून बसतात. १९९६ च्या डिसेंबरात अमेरिका ऑनलाइन या मोठ्या अमेरिकी पुरवठादाराने तासांवरचा आकार सोडून महिन्याला एकच रक्कम घ्यायला सुरुवात केली तेव्हा नेमके हे देशाच्या पातळीवर घडले, आणि काही आठवड्यांत एंगेज टोनच्या तक्रारींवरून त्या कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करण्याची वेळ आली. हे चक्र तोडायचे दोनच उपाय होते. काही मिनिटे काहीच हालचाल नसेल तर जोडणी तोडणे हा स्वस्त उपाय, आणि लाइनी वाढवणे हा महाग. मी दुसऱ्याचा आग्रह धरत असे, कारण पहिल्यामुळे ग्राहक चिडतो आणि मग दर दोन मिनिटांनी टपाल तपासणारा एखादा प्रोग्राम लावून ठेवतो, म्हणजे जोडणी कधीच निश्चल होत नाही.

लाइनीमागे ग्राहक किती हा आकडा पैशांत काय बोलतो हे पाहण्यासाठी मी चलनाऐवजी वर्गणीचे एकक वापरत असे, कारण दर बदलले तरी नाते टिकते. समजा एका लाइनीचे महिन्याचे भाडे दोन वर्गण्यांएवढे आहे आणि बाहेरच्या लीज्ड लाइनीचा त्या लाइनीच्या वाट्याला येणारा खर्च तीन वर्गण्यांएवढा. लाइनीमागे दहा ग्राहक असतील तर पाच वर्गण्या उरतात, आणि त्यांतून जागा, वीज, पगार, बुडीत थकबाकी आणि यंत्रांचा घसारा भागवायचा. सहाच ग्राहक असतील तर एक वर्गणी उरते आणि धंदा उभा राहू शकत नाही. पंधरा ठेवले तर दहा उरतात, आणि कागदावर हे फार सुंदर दिसते. रोज संध्याकाळी एंगेज टोन ऐकणारे पंधरा लोक काही महिन्यांत दहा होतील हे त्या कागदावर दिसत नाही. मोह त्या पंधराचाच असतो. आमच्यात यावरून जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावरूनही झाले नाहीत, आणि ते झाले याचे मला समाधान आहे.

बाहेरच्या लीज्ड लाइनीचे स्वरूप निराळे. तिचे भाडे वेगावर आणि अंतरावर ठरे, त्यामुळे मोठ्या केंद्रापासून दूर असलेल्याला तेवढाच वेग जास्त महाग पडे. तारेच्या भाड्याशिवाय वरचा पुरवठादार आपल्या राउटरवरच्या पोर्टचे वेगळे पैसे घेई, आणि दोन्ही टोकांना लागणारी जोडयंत्रे वेगळीच. ६४ किलोबिटची जोडणी म्हणजे २८.८ च्या दोन मोडेमांनी पूर्ण वेगाने काही उतरवायला घेतले तरी जवळपास भरणारी. तरीही तिच्यावर दहा-पंधरा माणसे सुखाने वावरू शकत, कारण माणूस पान उतरवतो काही सेकंद आणि वाचतो मिनिटभर. या वाचण्याच्या वेळावरच सगळा डोलारा उभा होता. एकच पान अनेक जण मागतात हे ध्यानात घेऊन स्क्विडसारखा कॅशे, म्हणजे एकदा उतरवलेली पाने साठवून ठेवणारा प्रोग्राम, बसवला तर त्याच तारेत आणखी माणसे मावत, आणि एका जादा डिस्कच्या किमतीत दर महिन्याच्या भाड्याची वाढ लांबवता येई. यंत्रावर एकदा खर्च करून लाइनीचा कायमचा खर्च टाळण्याची ही संधी मला फार आवडे, कारण अशा संधी या धंद्यात मोजक्याच होत्या. याच्या उलट यूजनेटच्या चर्चागटांचा पूर्ण पुरवठा घेण्याचा हट्ट. ६४ किलोबिटची तार दिवसरात्र ठासून भरली तरी चोवीस तासांत ६९१ मेगाबाइटच वाहू शकते, आणि १९९६ च्या अखेरीपर्यंत पूर्ण पुरवठा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. निवडक गट घेणे हाच शहाणपणा होता.

मग ५६ किलोबिटचे मोडेम आले, आणि यंत्रे व लाइनी यांचा हिशेब वेगवेगळा मांडण्याची सोयच संपली. टेलिफोनचे जाळे आतून डिजिटल असते. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. साध्या तारेवरून आलेला आवाज एक्स्चेंजमध्ये आकड्यांत बदलताना थोडी अचूकता हरवते, आणि त्या हानीमुळे दोन साध्या मोडेमांमधला वेग ३३.६ च्या पुढे जाऊ शकत नाही. पुरवठादाराची लाइन एक्स्चेंजपासून डिजिटलच असेल तर ग्राहकाकडे जाणाऱ्या दिशेने हा बदल टळतो आणि ५६ पर्यंत जाता येते. याचा अर्थ असा की ग्राहकाने नवा मोडेम घेऊन भागत नव्हते. पुरवठादाराने आपल्या तीस साध्या लाइनी सोडून ई१ किंवा टी१ या डिजिटल तारांवरची पीआरआय, म्हणजे अनेक फोन एकत्र वाहणारी डिजिटल जोडणी, घ्यायला हवी होती. ई१ मध्ये ३० मार्ग एका गठ्ठ्यात येतात, टी१ वरच्या पीआरआयमध्ये २३. सात ग्राहक वाढले म्हणून एक लाइन वाढवण्याची मुभा गेली. आता वाढायचे तर गठ्ठ्याने, आणि गठ्ठा भरेपर्यंत त्याचे भाडे पदरचे.

यंत्रांचे हाल याहून वाईट. फडताळावरचे सगळे मोडेम, त्यांचे अ‍ॅडॅप्टर, केबली, टर्मिनल सर्व्हर हे सारे एकाच निर्णयाने निरुपयोगी झाले, कारण नव्या पद्धतीत मोडेम डिजिटल स्वरूपात एकाच पेटीत असत. लिव्हिंगस्टनच्या पोर्टमास्टर ३ मध्ये दोन ई१ चे साठ फोन मावत. पेटी सुबक होती, तापत कमी होती, अडलेला मोडेम ती स्वतः बाजूला करू शके. पण दोन पद्धती एकमेकींशी भांडत होत्या, यूएस रोबोटिक्सची एक्स२ आणि रॉकवेल व ल्यूसेंट यांची के५६फ्लेक्स, आणि एकीचा मोडेम दुसरीशी ५६ च्या वेगाने बोलू शकत नसे. १९९८ मध्ये व्ही.९० हे सामाईक मानक ठरेपर्यंत पुरवठादाराला कोणत्या बाजूने पैसे लावायचे हे ठरवावे लागले. ज्यांनी मोडेमचा घसारा पाच वर्षांत विभागला होता त्यांच्या वहीत अजून निम्मी किंमत शिल्लक होती आणि फडताळावर विकण्याजोगे काही नव्हते. तेव्हापासून माझे मत असे आहे की अशा धंद्यात यंत्रांचा घसारा तीन वर्षांच्या आत संपवला पाहिजे, आणि त्या वेगाने संपवता येत नसेल तर वर्गणीचा दर चुकलेला आहे.

शेजारच्या गावातून मागणी आली की आणखी एक कसोटी लागे. तिथल्या लोकांना आपला नंबर लांबचा पडतो, म्हणून तिथे वेगळे केंद्र, वेगळ्या लाइनी. ३० लाइनी एका जागी २०.३ एर्लांग उचलतात, पण त्यांचे पंधरा-पंधराचे दोन भाग केले तर प्रत्येकी ८.११, म्हणजे दोन्ही मिळून १६.२. लाइनींचे भाडे तितकेच, आणि त्याशिवाय दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारेचे भाडे अधिक. तरीही जी गावे मोठ्या पुरवठादारांच्या नकाशावर नव्हती तिथे इंटरनेट पोचवले ते बहुतेक अशा छोट्या माणसांनी. त्यांनी हा तोटा माहीत असूनही पत्करला, ही गोष्ट नोंदवली जावी असे मला मनापासून वाटते.

पुढे त्याच तांब्याच्या जोडीवर आवाजाच्या वरच्या पट्ट्यातून डीएसएल हे फोन न लावता सतत चालणारे वेगवान इंटरनेट धावू लागले. त्यासाठी यंत्र एक्स्चेंजमध्येच बसवावे लागते, आणि तिथे शिरकाव नसलेल्या पुरवठादाराचे ग्राहक हळूहळू गळू लागले. गळती लागली तेव्हा एर्लांगचे तेच कोष्टक उलट्या बाजूने वाचावे लागले. ग्राहक निम्मे झाले म्हणून लाइनी निम्म्या करता येत नाहीत, कारण लहान गटाची प्रत्येक लाइन कमी भार उचलते. त्यातून ई१ चा गठ्ठा फोडता येत नाही. तीसपैकी दहाच मार्ग गर्दीच्या वेळी लागत असले तरी भाडे तिसांचे. साध्या लाइनींकडे परतावे तर ५६ चा वेग जातो आणि उरलेले ग्राहकही जातात. अशा वेळी राहिलेल्या ग्राहकांची यादी एखाद्या मोठ्या पुरवठादाराच्या हवाली करणे, त्यांचा ई-टपालाचा पत्ता बदलणार नाही याची हमी घेणे आणि अनामत परत मिळण्यासाठी टेलिफोन कंपनीकडे अर्ज देणे एवढेच उरे. यांपैकी पत्त्याच्या हमीसाठी आम्ही शेवटपर्यंत अडून बसलो, आणि ती लेखी मिळाल्यावरच लाइनी सोडल्या.